मूकपटांची सुलोचना (रूबी मायर्स): नेहमी विचारले जाणारे प्रश्न

सुलोचनाबद्दल कुठे चार ओळी लिहिल्या किंवा नुसतं बोललं तरी फोनवर, मेलवर, अगदी लग्नात भेटलेल्या लोकांकडूनसुद्धा तेच तेच प्रश्न येतात, म्हणून सगळे एकदाच इथे एकत्र केलेत. प्रश्न तुम्ही विचारले तसेच ठेवलेत. पहिले सोपे आहेत, पुढे जरा गुंत्याचे येतात. एकाचं उत्तर दुसऱ्यात असेल तर तिकडचा नंबर दिलाय. आणि हो, मी तिला एकेरीत "ती" म्हणतोय, आपण लताला लता म्हणतो त्याच मायेने.

१. ही सुलोचना म्हणजे आपल्या सुलोचनादीदीच ना?

नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा आलाय म्हणून तोच पहिला घेतला. सुलोचनादीदी म्हणजे सुलोचना लाटकर, भालजी पेंढारकरांच्या हाताखाली तयार झालेल्या, मराठी आणि हिंदी सिनेमातली सगळ्यांची आई, त्या २०२३ मध्ये गेल्या. दुसऱ्या सुलोचना चव्हाण, लावणीसम्राज्ञी, त्या २०२२ च्या डिसेंबरात गेल्या. तिसऱ्या सुलोचना चॅटर्जी, त्या हिंदीतल्या, चाळीस-पन्नासच्या दशकातल्या. आणि आपली ही सुलोचना ह्या सगळ्यांच्या आधीची, खरं नाव रूबी मायर्स, ती १९२५ ला पडद्यावर आली तेव्हा दीदींचा जन्मसुद्धा व्हायचा होता.

ओळखायची सोपी युक्ती सांगतो, सिनेमा १९४० च्या आधीचा असेल आणि नाव सुलोचना असेल तर ती रूबीच. त्यानंतरचा असेल तर मात्र नावावर जाऊ नका, चेहरा बघा. मी एका प्रदर्शनात रूबीचा बॉबकट केलेला फोटो आणि खाली दीदींची माहिती असं बघितलंय, तिथल्या माणसाला सांगितलं तर तो म्हणाला सुलोचना एकच आहे हो. तेव्हापासून हा प्रश्न मी कधी हलक्यात घेत नाही.

२. बरं, मग ही कोण? दोन मिनिटांत सांगा.

१९०७ ला पुण्यात जन्म, बगदादी ज्यू घर. मुंबईत टेलिफोन ऑपरेटरची नोकरी. तिथून मोहन भवनानी ह्या डायरेक्टरने तिला कोहिनूर फिल्म कंपनीत आणलं, १९२५ ला 'वीर बाला' आला. मग ती अर्देशीर इराणींच्या इंपीरियल फिल्म कंपनीत गेली आणि मूकपटांच्या शेवटच्या चार-पाच वर्षांत देशातली सगळ्यात जास्त पगार घेणारी स्टार झाली. १९३१ ला बोलपट आले, भाषेची अडचण झाली, ती थांबली, भाषा शिकली, परत आली आणि परत हिट झाली. तिसच्या दशकाच्या शेवटी हिरॉइनची कामं संपली, पुढे अनेक वर्षं छोट्या भूमिका. १९७३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार. १० ऑक्टोबर १९८३ ला मुंबईत गेली.

३. पुण्याची होती म्हणजे मराठी होती का? आमचे बेने इस्राएल शेजारी म्हणतात ती त्यांच्यातली.

बेने इस्राएल आणि बगदादी हे ज्यूंचे दोन वेगळे समाज आहेत. बेने इस्राएल कोकणातले, अलिबागच्या बाजूचे, आडनावं किहीमकर, पेणकर, नवगावकर अशी, घरात मराठी, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावात त्यांना शनवार तेली म्हणायचे. बगदादी ज्यू बऱ्याच नंतर इराककडून व्यापारासाठी आले, त्यांच्यातलं सगळ्यात मोठं नाव म्हणजे डेव्हिड ससून. पुण्याचं ससून हॉस्पिटल आणि कॅम्पातलं लाल देऊळ, म्हणजे लाल विटांचं ते सिनेगॉग, ही त्याच घराण्याची देणगी. ह्या लोकांचा कल इंग्रजीकडे आणि युरोपियन राहणीकडे जास्त.

रूबी ह्या दुसऱ्या समाजातली. त्यामुळे जन्माने पुणेकर, कामाने मुंबईकर, पण घरची भाषा मराठी नाही. तरी तिला परकी म्हणणं मला पटत नाही, तिचं सगळं आयुष्य ह्या दोन शहरांत गेलं.

४. रूबीचं सुलोचना का केलं?

पोस्टरसाठी. तेव्हाच्या बऱ्याच नट्या ज्यू किंवा अँग्लो-इंडियन होत्या (का ते प्रश्न ५ मध्ये), आणि पौराणिक-ऐतिहासिक सिनेमात राणी किंवा देवी म्हणून त्यांना उभं करायचं तर नाव इथलं पाहिजे होतं. रेनी स्मिथची सीता देवी झाली, एस्थर अब्राहमची पुढे प्रमिला झाली. सुलोचना म्हणजे सुंदर डोळ्यांची, आणि आपल्याकडे इंद्रजिताची बायको म्हणून हे नाव घरोघरी माहीत होतंच. रूबीच्या बाबतीत ते शब्दशः खरं ठरलं, मूकपटात डोळ्यांनीच बोलायचं असतं. फोटो बघा तिचे, कपडे, दागिने, मागचा पडदा सगळं विसरायला होतं आणि नजर डोळ्यांवरच जाते.

५. भारतातली पहिली सिनेमा नटी तीच ना?

नाही, पहिल्या दोघी आपल्याच, दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई. फाळक्यांच्या १९१३ च्या 'मोहिनी भस्मासुर' मध्ये दुर्गाबाई पार्वती होत्या आणि कमलाबाई मोहिनी. हीच मुलगी पुढे कमलाबाई गोखले, चंद्रकांत गोखल्यांची आई आणि विक्रम गोखल्यांची आजी. त्याच्याआधीच्या 'राजा हरिश्चंद्र' ला फाळक्यांना बाईच मिळाली नव्हती, शेवटी अण्णा साळुंकेंनी तारामती केली, आणि १९१७ च्या 'लंका दहन' मध्ये तर त्यांनीच राम पण केला आणि सीता पण.

रूबीचं करिअर समजून घ्यायचं तर हे माहीत पाहिजे. पहिल्या सिनेमानंतर बारा वर्षांनी ती आली तरी "चांगल्या घरातली बाई सिनेमात काम करत नाही" हे काही बदललं नव्हतं. ज्यू आणि अँग्लो-इंडियन घरांतल्या मुली तेव्हा ऑफिसात नोकरी करत होत्या, बाहेर एकट्या फिरत होत्या, कॅमेऱ्यासमोर उभं राहणं त्यांना इतरांपेक्षा थोडं कमी अवघड गेलं. थोडंच कमी, पुढचा प्रश्न वाचा म्हणजे कळेल.

६. टेलिफोन ऑपरेटरची गोष्ट खरी आहे का, की पब्लिसिटीसाठी रचलेली?

खरी आहे. तेव्हा फोन आपोआप लागायचा नाही, एक्स्चेंजमधली मुलगी वायर खोचून जोडून द्यायची, आणि ह्या नोकरीला चांगलं इंग्रजी बोलणारी मुलगी लागायची. भवनानींनी तिला विचारलं तेव्हा ती आधी नाहीच म्हणाली, सिनेमातलं काम म्हणजे बदनामी हे तिलाही वाटत होतं. अभिनयाचा गंध नव्हता, नाटकात कधी उभी राहिलेली नव्हती. भवनानींनी पिच्छा सोडला नाही तेव्हा कुठे ती तयार झाली.

मला ह्यातलं सगळ्यात आवडतं ते हे, की नंतर कोहिनूरने तिला घेऊन 'टेलिफोन गर्ल' आणि 'टायपिस्ट गर्ल' काढले, दोन्ही १९२६ चे. म्हणजे नोकरी करणारी, स्वतः कमावणारी मुलगी ही पडद्यावरची हिरॉइन झाली आणि ती भूमिका करणारी बाई स्वतः त्या खुर्चीवर बसून आलेली. आज आपल्याला त्यात काही विशेष वाटणार नाही, पण तेव्हाच्या पडद्यावर सावित्र्या, दमयंत्या आणि तारामत्या होत्या, त्यांच्यामध्ये ही एक पगार घेणारी मुलगी येऊन उभी राहिली, आणि लोकांनी तिकीट काढून तिला बघितलं.

७. मूकपटात ॲक्टिंग म्हणजे नुसते हातवारेच ना? त्यात काय एवढं कौशल्य?

हा प्रश्न आला की मला जरा वाईट वाटतं, कारण आपण मूकपट बघतो ते बहुतेक वेळा चुकीच्या स्पीडने. कॅमेरा हाताने फिरवायचे, स्पीड आजच्या २४ फ्रेमपेक्षा कमी असायचा, तेच रीळ आजच्या स्पीडला लावलं की माणसं तुरुतुरु पळतात आणि हसू येतं. तेव्हा थिएटरात तसं दिसत नव्हतं.

काम कसं चालायचं ते बघा. शूटिंग बरंचसं उन्हात, तोंडावर रिफ्लेक्टरचा उजेड मारलेला, त्यात डोळे न मिचकावता भाव धरून ठेवायचा. डायरेक्टर शॉट चालू असतानाच ओरडून सूचना द्यायचा, आवाज रेकॉर्ड होतच नव्हता ना. संवाद पाटीवर लिहून येणार, बऱ्याचदा तीन-चार भाषांत, कारण मुंबईतला तोच सिनेमा मराठी माणूस बघणार, गुजराती बघणार, उर्दूवालाही बघणार, आणि थिएटरात निम्म्यांना वाचता येत नाही म्हणून कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवणार. पडद्यापाशी पेटी-तबला चालू. ह्या सगळ्या गोंगाटात शेवटच्या बाकावरच्या माणसाला ह्या बाईच्या मनात आत्ता काय चाललंय ते पाटी यायच्या आधी कळलं पाहिजे. ते नुसत्या हातवाऱ्यांनी होत नाही.

८. तिचे महत्त्वाचे मूकपट कुठले?

सगळे सांगत बसत नाही, माझ्या मते हे लक्षात ठेवण्यासारखे.

'टायपिस्ट गर्ल' (१९२६), डायरेक्टर चंदुलाल शाह, सोबत गोहर. सतरा दिवसांत तयार केलेला आणि जोरदार चाललेला. 'बलिदान' (१९२७) हा वेगळ्या जातीचा, रवींद्रनाथ टागोरांच्या 'विसर्जन' नाटकावरचा, देवीपुढे प्राणी बळी देण्याच्या विरोधातला, डायरेक्टर नवल गांधी, आणि सोबत आपले मास्टर विठ्ठल आणि झुबेदा. १९२७-२८ ला सरकारने रंगाचारियार ह्यांच्या अध्यक्षतेखाली सिनेमाची चौकशी समिती नेमली होती, त्या समितीने चांगला भारतीय सिनेमा कसा असावा ह्यासाठी ह्याचं कौतुक केलं होतं. जे लोक तिला नुसती ग्लॅमरची बाहुली म्हणतात त्यांना मी हा सिनेमा आधी सांगतो.

मग 'वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे' (१९२७), त्याच्यासाठी वेगळा प्रश्न केलाय, नंबर ९. आणि मग आर. एस. चौधरींनी केलेले तीन, 'माधुरी' (१९२८), 'अनारकली' (१९२८), 'इंदिरा बी. ए.' (१९२९), इंपीरियलचे, ह्या तिघांनी तिला शिखरावर नेलं. 'अनारकली' ची गोष्ट मोठी आहे, ती १३ मध्ये.

९. एका सिनेमात आठ रोल केले हे खरं?

हो, 'वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे' मध्ये. माळी, पोलीस, हैदराबादी सद्गृहस्थ, रस्त्यावरचं पोरगं, केळी विकणारी म्हातारी, सोनेरी केसांची गोरी मेम, असे मिळून आठ. यादीत पुरुष किती आहेत बघा. चौदा वर्षांपूर्वी ह्याच शहरात बाई मिळाली नाही म्हणून पुरुषाने लुगडं नेसून तारामती केली होती, आणि आता एक बाई पोलिसाच्या गणवेशात पडद्यावर फिरत होती. भवनानींनी तिला अभिनय शिकवला म्हणतात, तो किती शिकली ह्याचा पुरावा हा सिनेमा होता. होता म्हणतोय, कारण आज तो आपल्याला बघायला मिळत नाही (प्रश्न १८).

१०. तिचा पगार मुंबईच्या गव्हर्नरपेक्षा जास्त होता असं सगळीकडे वाचलंय. खरं का?

हे वाक्य इतक्या ठिकाणी आलंय की मीसुद्धा अनेक वर्षं सगळ्यांना सांगत होतो. मग एकदा हिशोब करून बघितला. तिचा म्हणून जो आकडा नेहमी छापला जातो तो महिना ५,००० रुपये, म्हणजे वर्षाचे ६०,०००. आणि १९३५ च्या भारत सरकार कायद्यात मुंबईच्या गव्हर्नरचा पगार दिलाय वर्षाला १,२०,००० रुपये. म्हणजे बरोबर दुप्पट. तेव्हा गव्हर्नरपेक्षा जास्त नाही, निम्मा.

पण ह्यात तिचं काही कमी होत नाही असं मला मनापासून वाटतं. पुण्याची एक टेलिफोनवाली मुलगी, घराणं नाही, गाणं नाही, मागे कोणी नाही, आणि लाटसाहेबाच्या निम्मा पगार! स्वतःची शेवरोले गाडी, ती पण १९३५ ची म्हणजे तेव्हा अगदी नवी. खरा आकडाच एवढा मोठा आहे की तो फुगवून सांगायची गरज पडू नये.

११. बोलपट आले आणि हिंदी येत नाही म्हणून तिचं करिअर संपलं, बरोबर?

अर्धंच बरोबर. लोकांना पुढचं अर्धं माहीत नसतं म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो.

१४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात 'आलम आरा', आपला पहिला बोलपट, लागला. तो काढला कोणी, तर इंपीरियलने, म्हणजे तिच्याच कंपनीने, हिरॉइन मात्र झुबेदा. एका दिवसात नियम बदलले. आता उच्चार पाहिजेत, हिंदुस्तानी पाहिजे, आणि गाता आलं पाहिजे, कारण प्लेबॅक नव्हतंच, ते आलं १९३५ ला 'धूप छांव' पासून, तोपर्यंत जो पडद्यावर गातो तोच खरोखर गातो. त्यामुळे नाटकातल्या गाणाऱ्या मंडळींचे दिवस आले आणि मूकपटातले मोठमोठे लोक घरी बसले.

ही अडचण फक्त ज्यू आणि अँग्लो-इंडियन नट्यांची होती असं समजू नका. 'आलम आरा' चा हिरो मास्टर विठ्ठल, आपला मराठी गडी, मारधाडीचा बादशहा, पण त्याचं उर्दू कच्चं म्हणून त्याला बराच वेळ गुंगीत असल्यासारखा दाखवला असं सांगतात. म्हणजे भाषेने दगा सगळ्यांनाच दिला, फरक पडला तो त्यानंतर कोणी काय केलं त्यात.

रूबीने सुट्टी घेतली, साधारण वर्षभर, आणि हिंदुस्तानी शिकली. चोवीस-पंचवीस वर्षांची, देशातली सगळ्यात मोठी स्टार, आणि ती मुळाक्षरांपासून सुरुवात करते. मग १९३२ ला 'माधुरी' बोलपट करून परत आली. तोच विषय, तीच हिरॉइन, फक्त आता आवाजासकट. आणि लोकांनी घेतलं तिला! पुढे सहा-सात वर्षं ती हिरॉइन म्हणूनच होती, म्हणजे बोलपटातली तिची पहिल्या नंबरची वर्षं मूकपटातल्यापेक्षा कमी नाहीत. करिअर संपलं ते बोलपटाने नाही, ते पुढे १६ मध्ये येईल.

१२. एकाच सिनेमाची दोन-दोन वर्षं दिसतात. 'माधुरी' १९२८ चा की १९३२ चा?

दोन्ही. इंपीरियलने तिचे गाजलेले मूकपट पुन्हा बोलपट म्हणून काढले. 'माधुरी' १९२८ आणि १९३२, 'अनारकली' १९२८ आणि १९३५, 'वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे' १९२७ चा १९३६ ला 'बंबई की बिल्ली' झाला. आणि 'इंदिरा बी. ए.' पाच वर्षांनी शिकून 'इंदिरा एम. ए.' झाली, १९३४ ला. हे शेवटचं मला फार गोड वाटतं, तेव्हाच्या प्रेक्षकाला मुलीची डिग्री वाढलेली पोस्टरवरच कळत होती.

हे सोडून जो एखाद्या वर्षाचा फरक दिसतो (१९२५ की २६ वगैरे) तो वेगळा, कोणी सेन्सॉरची तारीख धरतो, कोणी रिलीजची. आणखी एक भानगड म्हणजे मूकपटाला बऱ्याचदा दोन नावं असायची, एक इंग्रजी आणि एक देशी, त्यामुळे एक सिनेमा यादीत दोनदा येऊ शकतो. 'टायपिस्ट गर्ल' चं दुसरं इंग्रजी नाव तर 'व्हाय आय बिकेम अ ख्रिश्चन' होतं, दोन वेगळे सिनेमे समजून मोजू नका.

१३. ती तीन 'अनारकली' मध्ये होती? कसं शक्य आहे?

शक्य आहे आणि तिची सगळी गोष्ट त्या तिघांत आहे असं मला वाटतं.

पहिली १९२८ ची, मूकपट. त्याच वेळी लाहोरकडे ग्रेट ईस्टर्न कंपनी ह्याच विषयावर मोठा खर्चिक सिनेमा काढत होती, 'लव्हज ऑफ अ मुघल प्रिन्स', त्यात सीता देवी अनारकली, आणि ज्यांच्या नाटकामुळे ही गोष्ट गाजली ते इम्तियाज अली ताज स्वतः त्यात सामील. इंपीरियलने हे ऐकलं आणि घाईघाईने आपली 'अनारकली' तयार करून आधी लावून टाकली. लोक सुलोचनाच्या मागे गेले, तो मोठा सिनेमा मागे पडला. घाईत केलेला सिनेमा जास्त चालला ह्यात अर्देशीर इराणींचा धंदा होताच, पण तिच्या नावाची ताकद पण होती.

दुसरी १९३५ ची, बोलपट. परत तीच अनारकली, परत तिचा नेहमीचा हिरो डी. बिलिमोरियाच (प्रश्न १५) सलीम. पहिल्या वेळी पाटीवर लिहिलेले संवाद आता ती स्वतःच्या तोंडाने बोलत होती.

तिसरी १९५३ ची, फिल्मिस्तानची, जी आपल्यापैकी बहुतेकांनी गाण्यांसाठी बघितलीय. त्यात अनारकली बीना राय, सलीम प्रदीपकुमार, आणि सुलोचना झाली सलीमची आई, जोधाबाई. डायरेक्टर नंदलाल जसवंतलाल, ज्यांनी एकोणीस वर्षांपूर्वी 'इंदिरा एम. ए.' मध्ये तिला हिरॉइन म्हणून घेतलं होतं. ज्या मुलीला भिंतीत चिणतात ती भूमिका जिने दोनदा केली ती आता बाजूला उभी राहून दुसरीला ती करताना बघतेय. हा सिनेमा सहज मिळतो, पुढच्या वेळी बघाल तेव्हा राणीच्या सीनला फोन बाजूला ठेवून तिच्याकडे बघा, एवढीच विनंती.

१४. गांधीजींच्या सिनेमाबरोबर तिचा नाच दाखवला होता हे काय प्रकरण आहे?

बोलपट यायच्या सुमाराची गोष्ट आहे. गांधीजी खादी प्रदर्शनाचं उद्घाटन करतायत अशी एक छोटी फिल्म होती, आणि तिच्याबरोबर 'माधुरी' मधला सुलोचनाचा गाजलेला नाच आवाज जोडून लावला होता. म्हणजे देशातला सगळ्यात ओळखीचा माणूस आणि सगळ्यात ओळखीची नटी एकाच तिकिटात. दोघं भेटले होते, किंवा तिने त्यांच्यासाठी नाच केला असं जे काही लोक फिरवतात त्याला ह्याच्यात काही आधार नाही, दोन वेगळ्या रिळांचा एक खेळ होता इतकंच.

१५. डी. बिलिमोरिया आणि तिचं काय होतं?

दिनशॉ बिलिमोरिया, पारशी, देखणा, मूकपटापासून तिचा हिरो. १९३३ ते १९३९ ह्या काळात दोघांनी फक्त एकमेकांबरोबर काम केलं. पडद्याबाहेरही प्रेम होतं हे तेव्हा सगळ्यांना माहीत होतं, आणि ते संपलं तेव्हा जोडीही संपली आणि दोघांची मोठी कामंही त्याच सुमारास थांबली. त्याच्या पलीकडच्या गावगप्पा मी इथे लिहिणार नाही.

१६. मग उतरती कळा कशामुळे लागली?

एक कारण वरचं, जोडीवर सगळं उभं होतं. दुसरं, इंपीरियल कंपनी स्वतःच तिसच्या दशकाच्या शेवटी बंद पडली, ज्या घरात ती वाढली ते घरच गेलं. तिने मधल्या काळात रूबी पिक्स म्हणून स्वतःची कंपनी काढली होती, नट्यांनी मालक व्हायचं तेव्हा फार कमी जणींना जमलं, फातमा बेगमनी १९२६ ला स्वतः डायरेक्शन केलं, गोहर रणजित स्टुडिओत भागीदार होत्या, त्या रांगेत हिचंही नाव घ्यायला पाहिजे. पण पुढच्या काळात नव्या मुली आल्या, त्या चांगल्या गाणाऱ्या होत्या, आणि दुर्गा खोट्यांसारख्या शिकल्यासवरल्या प्रतिष्ठित घरातल्या बायका सिनेमात आल्यावर "चांगल्या घरातली" हा शब्द जाहिरातीचा झाला.

ती मात्र काम करत राहिली. १९४७ च्या 'जुगनू' मध्ये, दिलीपकुमार आणि नूरजहाँच्या, ती प्रोफेसरबाई होती, आणि मोरारजी देसाईंच्या काळात मुंबईत त्या सिनेमावर बंदी आली त्याचं कारण म्हणून एका वयस्कर प्रोफेसरचं तिच्यावर प्रेम बसतं हा भाग सांगितला जातो. चाळिशीतल्या बाईवर कोणी प्रेम करावं हे पडद्यावर खपत नव्हतं.

१७. फाळके पुरस्कार मिळवणारी ती पहिली बाई का?

दुसरी. पहिली देविका राणी, १९६९ ला, तो पुरस्कारच त्या वर्षी सुरू झाला. रूबीला १९७३ चा मिळाला. ज्या फाळक्यांना बायका मिळेनात त्यांच्या नावाचा पुरस्कार मूकपटातल्या बाईला मिळाला, हे योग्य झालं.

१८. तिचे मूकपट यूट्यूबवर का सापडत नाहीत? मी पैसे द्यायलाही तयार आहे.

पैसे देऊनही मिळणार नाहीत. भारतात साधारण तेराशे मूकपट झाले, आज उरलेत तीसच्या आसपास, त्यातले कित्येक अपुरे, आणि तिचे जे गाजलेले सिनेमे मी वर सांगितले ते थिएटरात लावून बघावेत असे आपल्या हातात नाहीत. कारण काय, तर फिल्म नायट्रेटची, ती पटकन पेट घेते, दमट हवेत सडते, मुंबईची हवा तुम्हाला माहीतच आहे. गोदामांना आगी लागल्या. आणि बोलपट आल्यावर मूकपटाची किंमत शून्य झाली, मग रिळांतली चांदी काढायला ती भंगारात विकली. पुण्याचं फिल्म अर्काइव्ह १९६४ ला निघालं आणि तिथे पी. के. नायरांनी हे गोळा करायला घेतलं तोपर्यंत बरंचसं गेलेलं होतं.

यूट्यूबवर "सुलोचना मूकपट" म्हणून जे तुकडे फिरतात ते मला रोज कोणीतरी पाठवतं, त्यातले जवळजवळ सगळे दुसऱ्याच कुणाचे असतात. तिला खरंच हलताना-बोलताना बघायचं तर १९५३ ची 'अनारकली' आणि 'जुगनू' इथून सुरुवात करा.

१९. आजोबांच्या ट्रंकेत जुनी सिनेमाची पुस्तिका आणि एक डबा सापडलाय, वर सुलोचना लिहिलंय. काय करू?

असे मेसेज वर्षातून दोन-तीन येतात आणि प्रत्येक वेळी माझी झोप उडते. आधी पुस्तिकेचं बघू. गाण्यांची पुस्तिका असेल तर सिनेमा बोलपट आहे, मूकपट नाही, वर्ष प्रश्न १२ वरून ताडून घ्या, आणि कुठली सुलोचना ते प्रश्न १ वरून. लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका, सपाट ठेवून फोटो काढा.

डब्यात रीळ असेल तर जपून. उघडल्यावर उग्र आंबूस वास आला, रीळ चिकट झालंय किंवा तपकिरी भुकटी पडतेय, तर ते नायट्रेट असण्याची शक्यता आहे. उलगडायचं नाही, प्रोजेक्टरवर लावायचं नाही, जवळ काडी किंवा सिगरेट नको, उन्हात नाही, माळ्यावर नाही, बंद कपाटात कोंडून ठेवायचं नाही, थंड हवेशीर जागी ठेवायचं. आणि मग पुण्यात लॉ कॉलेज रोडला फिल्म अर्काइव्ह आहे तिथे फोन करून कळवा, ते सिनेमे तर ठेवतातच, पोस्टर, पुस्तिका आणि फोटोसुद्धा घेतात. रीळ कुरिअरने अजिबात पाठवू नका, कसं न्यायचं ते त्यांनाच विचारा, आणि डब्यावरचं लेबल पुसट झालं असलं तरी काढू नका.